झिंक क्रोमाइट, निकेल क्रोमाइट आणि खानदेशातील ‘खोलीचे तापमान’: प्रकल्प नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळीची सुटी संपल्यावर आज एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांसह कामाला सुरुवात केली. धुळे जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो तिथे एक मफल भट्टी, एक हातदाबाचा प्रेस आणि चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा काटा आहे. बाकी सगळी मोजणी बाहेर करून घ्यावी लागते. क्ष-किरण विवर्तनाचे, म्हणजे एक्सआरडीचे (क्ष-किरण स्फटिकावरून कोणत्या कोनांत परततात यावरून अणूंची रचना ओळखण्याच्या पद्धतीचे) नमुने बसने दीड-दोन तासांवरच्या एका केंद्रात पाठवावे लागतात. अशाच साधनांवर कुणाला हे काम करायचे असेल, तर आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे.

दोन पदार्थ करायचे आहेत, झिंक क्रोमाइट आणि निकेल क्रोमाइट. दोन्ही स्पिनेल नावाच्या स्फटिकरचनेच्या घराण्यातले असून दोन्हींत क्रोमियमचे अणू एकमेकांना कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांच्या शिरोबिंदूंवर बसतात. प्रत्येक क्रोमियमचे चुंबकत्व शेजाऱ्याच्या उलट दिशेला राहू पाहते. दोघांचे जमते, पण तिसऱ्याचे आणि चौथ्याचे कुठेतरी बिनसतेच. या चुंबकीय कुचंबणेला, म्हणजे फ्रस्ट्रेशनला, झिंक क्रोमाइटमध्ये स्फटिक स्वतःच किंचित वाकून वाट काढतो, पण ते थेट १२.५ केल्विनला. निकेल क्रोमाइटमध्ये स्फटिकाचा आकार त्याच्या खूप आधी, ३१० केल्विनच्या आसपास बदलतो आणि त्याचे कारणही वेगळे आहे: चतुष्फलकी जागेवर बसलेल्या निकेलच्या इलेक्ट्रॉनांची कक्षीय मांडणी, ज्याला यान-टेलर परिणाम म्हणतात. सांगाडा तोच असताना एक स्फटिक इतका उशिरा का वाकतो आणि दुसरा इतक्या लवकर का, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या भुकटीवर पाहावे, एवढाच हेतू आहे.

५ ग्रॅम झिंक क्रोमाइटसाठी झिंक ऑक्साइड १.७४३६ ग्रॅम आणि क्रोमियम ऑक्साइड ३.२५६४ ग्रॅम लागते, तर ५ ग्रॅम निकेल क्रोमाइटसाठी निकेल ऑक्साइड १.६४७५ ग्रॅम आणि क्रोमियम ऑक्साइड ३.३५२५ ग्रॅम. रसायने, दोन अ‍ॅल्युमिना मुशी आणि अ‍ॅगेटचा एक खल मिळून खर्च ११,४०० रुपये झाला. खल एकच घेतला. त्या बचतीची किंमत जुलैच्या नोंदीत येईल.

२४ नोव्हेंबर

झिंक ऑक्साइडची बाटली पावसाळ्यापासून उघडी होती. वजन करण्यापूर्वी ते ओव्हनमध्ये रात्रभर सुकवले, तेव्हा वजनात दीड टक्क्याची घट दिसली. न सुकवता घेतले असते तर जस्त तेवढेच कमी पडले असते आणि दोष आम्ही भट्टीला दिला असता.

भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये ओली ठेवून तीन तास खलली. दोन्ही विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने खलले, तरीही दुसऱ्या तासानंतर हात चालत नाहीत, हे अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही. झिंकच्या मिश्रणाचा रंग सुरुवातीला ठिपक्याठिपक्यांचा होता, तो अखेरीस एकसारखा फिका हिरवा झाला. जिथे पांढरी रेघ दिसते तिथे मिश्रण झालेले नाही असे समजावे.

२९ नोव्हेंबर

पहिली भट्टीफेरी. ९०० अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवायचे ठरवून संध्याकाळी सहाला भट्टी चालू केली. रात्री सव्वाअकराला वीज गेली आणि दोन वाजता आली. सकाळी येऊन पाहतो तो भट्टी ३४० अंशांवर होती. आमचा कंट्रोलर वीज परतल्यावर कार्यक्रम जिथे थांबला तिथून पुढे नेत नाही, पहिल्या पायरीपासून सुरू करतो, आणि पहिल्या पायरीत चढ मिनिटाला एक अंश असा मीच घालून ठेवला होता. त्यातच पहाटे वीज आणखी एकदा गेली असावी. म्हणजे रात्रभर नमुना मधल्याच तापमानांत चढउतार करत राहिला.

कंट्रोलरच्या मेनूमध्ये वीज परतल्यानंतर काय करायचे याचा पर्याय होता. पुस्तिकेच्या ३१ व्या पानावर तो दिलेला आहे. भट्टी सहा वर्षांपूर्वी घेतली, तेव्हापासून ते पान कुणी उघडलेले नव्हते.

४ डिसेंबर

फेरी पुन्हा केली आणि ती या वेळी पूर्ण झाली. मूस बाहेर काढली तेव्हा काठाला आतून पिवळे कडे दिसले. विद्यार्थिनीने ते बोटाने पुसण्यासाठी हात पुढे केला, तो मी थांबवला. पाण्याचा एक थेंब टाकला तर थेंब पिवळा झाला, आणि त्यात डायफेनिलकार्बाझाइड टाकताच तो जांभळा झाला. हे षट्संयुजी क्रोमियम आहे. ते विषारी असून कर्करोगकारक म्हणून ओळखले जाते. क्रोमियम ऑक्साइड स्वतः इतके निरुपद्रवी आहे की ते वापरताना सावधगिरी सैल पडते, म्हणून हे येथे ठळकपणे नोंदवत आहे.

पिवळेपणा आला कुठून याचा शोध घेतला. खल वापरण्यापूर्वी तो एका विद्यार्थ्याने धुण्याच्या सोड्याने घासून साफ केला होता आणि नुसत्या नळाच्या पाण्याने विसळला होता. क्रोमियम ऑक्साइडला हवेत अल्कलीसोबत तापवले की क्रोमेट तयार होते. त्यासाठी सोड्याचा लवलेशही पुरतो. नमुना फेकला. पिवळ्या पाण्यात विरल गंधकाम्ल आणि मग हिराकशीचे द्रावण घालून क्रोमियम त्रिसंयुजी अवस्थेत आणले, नंतर चुन्याने साका खाली बसवला आणि तो वेगळ्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवला. हे पाणी सिंकमध्ये ओतायचे नाही, हे दोघांनाही बजावले आहे. यापुढे खल विरल नायट्रिक आम्ल आणि त्यानंतर तीनदा ऊर्ध्वपातित पाणी एवढ्यानेच धुवायचा आहे.

वेळेचा हिशेब: आतापर्यंत दोन आठवडे गेले आणि हातात एकही नमुना नाही.

१४ डिसेंबर

झिंक क्रोमाइटचा नवा घाणा, ९०० अंश, २४ तास. एक्सआरडीत स्पिनेलची शिखरे ३०.३, ३५.७, ४३.४, ५७.४ आणि ६३.१ अंशांवर आली आहेत. मात्र ३३.६ अंशांवर क्रोमियम ऑक्साइडचे शिखर अजून उभे आहे, लहान असले तरी नि:संशय. पुन्हा खलून, गोळ्या दाबून दुसरी फेरी द्यावी लागेल. गोळ्या सुरुवातीला बशीसारख्या थरांत सुटत होत्या. दाब ७ टनांवरून ४ टनांवर आणला आणि सोडताना घाई केली नाही, तेव्हा त्या टिकल्या.

१० जानेवारी २०२४

घाई नडली. उरलेले क्रोमियम ऑक्साइड लवकर संपावे म्हणून मी दुसरी फेरी ९०० ऐवजी १,२०० अंशांवर आणि उघड्या मुशीत लावली. गोळ्यांचे वजन १.९ टक्क्यांनी घटले आणि एक्सआरडीत क्रोमियम ऑक्साइडचे शिखर कमी होण्याऐवजी वाढले. जस्त एवढ्या तापमानाला उडून जाते; जस्त गेले की त्याच्या वाट्याचे क्रोमियम ऑक्साइड मागे उरते. म्हणजे ज्या अशुद्धीवर उपाय म्हणून तापमान वाढवले, ती अशुद्धी तापमानानेच तयार केली.

आता पद्धत अशी ठरवली आहे: तापमान १,००० अंशांच्या वर न्यायचे नाही, गोळ्या त्याच मिश्रणाच्या भुकटीत पूर्ण बुडवून ठेवायच्या, मुशीवर झाकण ठेवायचे, आणि २४ तासांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा नीट खलायचे. बाहेरची भुकटी आपले जस्त गमावते, आतल्या गोळ्यांचे राखते. ती भुकटी नंतर वापरायची नाही.

१८ जानेवारी

निकेल क्रोमाइट पहिल्याच प्रयत्नात जमले, याचे श्रेय झिंकवर खाल्लेल्या ठेचांना आहे. निकेल ऑक्साइड हिरवे घेतले होते, कारण काळ्या निकेल ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण नेमके नसते आणि वजनाचा हिशेब चुकतो. आधी ८५० अंश, मग १,१०० अंशांवर २४ तासांच्या दोन फेऱ्या दिल्या.

आज आलेला एक्सआरडीचा आलेख फार देखणा आहे. झिंक क्रोमाइटमध्ये ४३.४ अंशांवर जिथे एक शिखर होते, तिथे निकेल क्रोमाइटमध्ये दोन आहेत: एक ४२.९ च्या जवळ, दुसरे ४३.९ च्या जवळ. स्फटिकाची पेटी, म्हणजे ज्याच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो तो लहानात लहान ठोकळा, एका दिशेने सुमारे दोन टक्के ताणली गेली आहे, म्हणून पूर्वी समान असलेली अंतरे वेगळी झाली आहेत. ३५.७ च्या शिखराचेही असेच दोन झाले आहेत. क्यूबिक (घनाकार) आणि टेट्रॅगोनल (एका दिशेने ताणलेली किंवा चेपलेली) पेटी यांतील फरक वर्गात फळ्यावर काढून जो समजत नाही, तो या दोन शिखरांत मुलांना एका नजरेत समजला.

नमुना सकाळच्या पहिल्या पाळीत मोजला गेला. धुळ्याची थंडी या आठवड्यात कडक होती. तिचा या कामाशी संबंध असेल असे आज माझ्या मनातही आले नाही, आणि नोंदवहीत तापमान लिहिलेले नाही.

१५ फेब्रुवारी

झिंक क्रोमाइटच्या पेटीची बाजू ८.३५ अँगस्ट्रॉम येत होती. प्रसिद्ध आकडा ८.३२७ आहे. दोन दिवस आकडेमोड तपासण्यात गेले. अखेर दोष नमुना भरण्यात सापडला. भुकटी खाचेच्या काठापेक्षा खाली बसली होती आणि त्यामुळे सगळी शिखरे सरकली होती. आता चिमूटभर सिलिकॉन मिसळतो, त्याचे शिखर २८.४४ अंशांवर आहे की नाही हे पाहतो आणि मगच बाकीचे वाचतो. सुधारित आकडा ८.३२६ आला.

६ मे

मार्च आणि एप्रिल परीक्षांत गेले. दरम्यान निकेल क्रोमाइटचा दुसरा घाणा, ८ ग्रॅमचा, त्याच पद्धतीने करून ठेवला होता, कारण चुंबकीय मोजणीसाठी इंदूरला पाठवायच्या नमुन्याची पुनरावृत्ती होते हे दाखवणे गरजेचे आहे. आधी तो एक्सआरडीसाठी विद्यार्थ्याने एसटीने नेऊन दिला आणि फाइल काल आली.

दोन शिखरांऐवजी ४३.४ अंशांवर एकच शिखर आहे.

माझा पहिला संशय निकेल ऑक्साइडवर गेला. निकेल ऑक्साइडचे सर्वांत मोठे शिखर ४३.३ अंशांवर येते. विक्रिया अपुरी राहिली आणि उरलेल्या निकेल ऑक्साइडने तिथे गर्दी केली, असा निष्कर्ष मी काढला. ३७.३ आणि ६२.९ अंशांवरच्या निकेल ऑक्साइडच्या इतर शिखरांची तपासणी केली, तर तिथेही काहीतरी होते. संशय पक्का झाला. नमुना पुन्हा खलून १,१०० अंशांवर २४ तासांसाठी लावला आहे.

१७ मे

गेल्या अकरा दिवसांत तीन भट्टीफेऱ्या झाल्या, एका फेरीला साधारण ५० युनिट वीज लागली, आणि एक्सआरडीचे शुल्क दोनदा भरले. दोन्ही वेळा एकच शिखर. दुसऱ्या वेळी तर ते आधीपेक्षा अधिक अरुंद आणि टोकदार आले आहे. उरलेल्या अशुद्धीचे शिखर फेरीगणिक खाली यायला हवे होते. शिवाय मध्ये निवडणुकीचे प्रशिक्षण होते आणि धुळे मतदारसंघाचे मतदान २० मे रोजी असल्याने आता चार दिवस मी प्रयोगशाळेत नसेन. भट्टी बंद ठेवली आहे.

२३ मे

या वेळी नमुना घेऊन मी स्वतः गेलो. सोबत जानेवारीतला, शिखरे दुभंगलेला नमुनाही बाटलीतून नेला होता. दोन्ही एकाच दिवशी एकाच यंत्रावर मोजायचे होते. सकाळी साडेअकराला यंत्राच्या खोलीत पाऊल टाकले आणि घामाघूम झालो. तिथल्या परिचरांना सगळे नाना म्हणतात. मी विचारले, ‘‘नाना, खोली एवढी का तापली आहे?’’ ते स्टूलवरून न उठता म्हणाले, ‘‘सर, एसी तं तीन दिनपाइन बंद शे.’’ (तीन दिवसांपासून बंद आहे.) मग हिशेब लावत त्यांनी सांगितले की मेच्या पहिल्या आठवड्यापासूनही तो असाच बंद होता, मध्ये दुरुस्त झाला आणि पुन्हा गेला. क्ष-किरणांच्या नळीला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा चिलर बाहेर सावलीत असल्यामुळे यंत्र चालू शकत होते, म्हणून काम थांबवलेले नव्हते.

भिंतीवरचा तापमापक ३९ दाखवत होता. यंत्राच्या बंद कपाटात त्याहून अधिकच असणार.

जानेवारीचा नमुना आधी लावला. चार महिन्यांपूर्वी ज्यात दोन शिखरे होती, त्याच भुकटीत आज ४३.४ वर एकच शिखर उभे राहिले.

३१० केल्विन म्हणजे ३७ अंश सेल्सिअस. हा आकडा मी नोव्हेंबरपासून विद्यार्थ्यांना सांगत होतो आणि केल्विनमध्ये सांगत होतो, त्यामुळे तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या उन्हाशी जोडला गेला नाही. शोधनिबंधांत निकेल क्रोमाइट खोलीच्या तापमानाला टेट्रॅगोनल असते असे लिहिलेले असते. ती खोली २५ अंशांची असते. मे महिन्यात आमच्याकडची एसी नसलेली खोली ही त्या स्फटिकाच्या दृष्टीने रूपांतराच्या पलीकडची बाजू आहे. आमचा दुसरा घाणा पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. तीन फेऱ्या आणि दोन मोजण्या आम्ही एका बंद पडलेल्या एसीवर खर्च केल्या.

निकेल ऑक्साइडच्या संशयाने का फसवले, हेही लिहून ठेवतो, कारण हा सापळा कुणालाही लागू शकतो. निकेल ऑक्साइडची पेटी ४.१८ अँगस्ट्रॉमची आहे आणि तिची दुप्पट क्यूबिक स्पिनेलच्या पेटीच्या अगदी जवळ जाते, कारण दोन्हींत ऑक्सिजनची रचना एकाच प्रकारची आहे. त्यामुळे निकेल ऑक्साइडचे प्रत्येक प्रमुख शिखर क्यूबिक स्पिनेलच्या कोणत्या ना कोणत्या शिखराच्या अंगावर येते. उपाय एवढाच की ४३ अंशांकडे टक लावून न बसता ३०.३ आणि ३५.७ पाहावे; तिथे निकेल ऑक्साइडचे काहीच नसते. ६ मे रोजी आमच्या आलेखात ३५.७ चे शिखरही एकच होते. ते शिखर एकटे असणे निकेल ऑक्साइडच्या माथी मारता आलेच नसते. मी तिकडे पाहिलेच नाही.

२७ मे

एसी दुरुस्त झाल्याचा नानांचा फोन आल्यावर पुन्हा गेलो. नमुन्याच्या पट्टीच्या मागे, भुकटीपासून दोन मिलिमीटरवर, एक बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) चिकटपट्टीने बसवला आणि त्याची तार दाराच्या फटीतून न ओढता केबलसाठी असलेल्या छिद्रातून बाहेर काढली; दार नीट बंद झाल्याशिवाय किरण सुरूच होत नाहीत आणि ती सुरक्षा कुणीही चुकवू नये. फक्त ४२ ते ४५ अंश कोनांचा तुकडा, १५ मिनिटांचा एक स्कॅन.

२४ अंश सेल्सिअस तापमानाला दोन शिखरे स्वच्छ दिसली. मग परवानगी घेऊन एसी बंद केला आणि वाट पाहिली. ३१ अंशांना दोन शिखरे होती, पण थोडी जवळ आलेली. ३६ अंशांना दोघांच्या मधल्या दरीतून तिसरे शिखर उगवले. म्हणजे भुकटीतले काही कण बदलले होते आणि काही नव्हते. ३९ अंशांना कडेची दोन्ही शिखरे संपली आणि मधले एकटे उरले. एसी पुन्हा लावल्यावर दीड तासाने दोन्ही शिखरे आपापल्या जागी परत आली. विद्यार्थिनी हे पाहताना एकदा नमुन्याकडे आणि एकदा एसीच्या रिमोटकडे बघत होती.

थर्मोकपल भुकटीत नसून पट्टीवर आहे, त्यामुळे हे आकडे एक-दोन अंशांनी इकडेतिकडे असू शकतात. ज्यांना नेमका आकडा हवा त्यांनी डीएससी, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो याची मोजणी, करावी. आम्हाला जे हवे होते ते मिळाले.

नानांनी आपल्या रजिस्टरमध्ये ‘तापमान’ असा नवा रकाना पट्टीने आखला. आमच्या जुन्या नोंदवहीत जानेवारीच्या स्कॅनसमोर मी लाल शाईने ‘तापमान नोंदवलेले नाही’ असे लिहिले.

१२ जुलै

चुंबकीय मोजणीसाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन केंद्राकडे दिलेला प्रस्ताव मान्य झाला होता. शिरपूर, सेंधवा मार्गे आग्रा महामार्गाने जाऊन नमुने दिले. खर्च प्रवासाचा आणि राहण्याचा, दोघांचे ३,६०० रुपये.

निकेल क्रोमाइटचे चुंबकत्व ७० केल्विनच्या थोडे वर झपाट्याने वाढू लागले, जसे वाढायला हवे. झिंक क्रोमाइटच्या आलेखात १२ ते १३ केल्विनच्या दरम्यान ठळक घसरण आहे. स्फटिक वाकण्याची आणि चुंबकीय क्रम लागण्याची हीच जागा. पण त्याच आलेखात ७० केल्विनजवळ एक लहान पायरीही आहे आणि तिच्याखाली चुंबकीय क्षेत्रात थंड केलेला आणि क्षेत्राविना थंड केलेला असे दोन आलेख एकमेकांपासून दूर जातात. झिंक क्रोमाइटला ७० केल्विनला काहीही करण्याचे कारण नाही.

पायरी ज्या तापमानाला आहे त्यावरूनच अपराधी ओळखू आला. दोन्ही पदार्थ एकाच खलात खलले गेले होते. मोजणी फक्त १०० अर्स्टेडच्या क्षेत्रात केली होती. कुचंबलेल्या झिंक क्रोमाइटचे चुंबकत्व इतके दुबळे असते की हजारात एक भाग निकेल क्रोमाइट मिसळले तरी त्याचा आवाज आलेखात ऐकू येतो. एक्सआरडीत एवढी अशुद्धी कधीच दिसत नाही. क्ष-किरणांनी शुद्ध ठरवलेला नमुना चुंबकाच्या लेखी अशुद्ध असू शकतो, याची सवय करून घ्यावी लागेल.

२९ ऑगस्ट

दुसरा अ‍ॅगेट खल, ४,२०० रुपये. जुन्या खलावर ‘निकेल’ असे लिहिले. गोळ्यांचा साचाही वेगळा हवा होता, पण त्याला पैसे नव्हते. म्हणून साचा आम्लाने पुसून आधी शुद्ध झिंक ऑक्साइडच्या तीन गोळ्या त्यात दाबल्या आणि टाकून दिल्या. भट्टीत निकेलचा नमुना असताना झिंकचा ठेवायचा नाही, असाही नियम केला. नवा घाणा १,००० अंशांवर, भुकटीत बुडवून, दोन फेऱ्या.

४ ऑक्टोबर

इंदूरची दुसरी फेरी. ७० केल्विनची पायरी गेली आहे. फार ताणून पाहिले तर रेषेत किंचित वळण दिसते. ते बहुधा साच्यातून आले असावे.

उच्च तापमानाच्या भागावरून क्युरी-वाइस तापमान (अणूंमधल्या चुंबकीय ओढाताणीचे माप) काढताना पहिल्यांदा ५० ते ३०० केल्विन हा सगळा भाग सरळ रेषेत बसवला आणि उत्तर फार कमी आले. चुंबकीय संवेदनशीलतेच्या व्यस्ताचा आलेख १०० केल्विनच्या खाली स्पष्ट वाकतो, त्याला सरळ धरणे ही चूक होती. १५० ते ३०० एवढाच भाग घेतल्यावर उणे ३८० च्या जवळ आले. प्रसिद्ध आकडा उणे ३९० केल्विन आहे. खरे तर ३०० केल्विनही या पदार्थासाठी पुरेसे उच्च तापमान नाही, हे माहीत असूनही यंत्राची मर्यादा आम्हाला तिथेच थांबवते. ३९० ला १२.५ ने भागले की ३१ येतात. क्रोमियमच्या अणूंमधली ओढाताण ज्या तापमानाला चुंबकीय क्रम लावायला पुरेशी होती, त्याच्या तिसाव्या हिश्शापर्यंत हा पदार्थ अनिर्णयातच राहतो.

१२.५ केल्विनच्या घसरणीतून थंड करताना आणि तापवताना ०.१ केल्विनच्या पावलांनी गेलो. दोन्ही आलेखांत पाव केल्विनचे अंतर दिसले. रूपांतर पहिल्या श्रेणीचे, म्हणजे एकदम उडी मारणारे, असल्याने अंतर असणे योग्यच आहे, पण नमुन्याचे तापमान यंत्राच्या मागे रेंगाळल्यामुळेही तेवढे अंतर पडू शकते. एका तापमानाला पंधरा मिनिटे थांबून मोजायला हवे होते. आम्हाला मिळालेला वेळ संपला होता.

२१ ऑक्टोबर

झिंक क्रोमाइटची पेटी १२.५ केल्विनला खरोखर किती चेपली जाते हे आम्ही पाहिलेले नाही, फक्त चुंबकत्वात पडलेली तिची सावली पाहिली आहे. हा बदल हजारात एक-दोन भागांचा आहे, तर निकेल क्रोमाइटचा शंभरात दोन भागांचा. त्यासाठी कमी तापमानाच्या एक्सआरडीचा प्रस्ताव आज पाठवला. दरम्यान जस्ताच्या जागी दहा टक्के निकेल घातलेले मिश्रण ‘निकेल’ लिहिलेल्या खलात खलून झाले आहे. रात्री भट्टी लावली, कंट्रोलरचा पर्याय तपासला आणि वहीत पहिल्या ओळीत लिहिले: खोली २९ अंश.